भोंगा आधी, दरवाजा नंतर: नियंत्रण सॉफ्टवेअर गणिताने तपासायला सुरुवात कशी करावी

नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये पॅनल बांधणाऱ्या किंवा पीएलसीत (यंत्रं चालवणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकात) प्रोग्राम टाकणाऱ्या कोणालाही विचारा, 'हे बरोबर चालेल कशावरून?' उत्तर ठरलेलं असतं: 'टेस्ट केलंय ना.' म्हणजे पॅनल टेबलाशेजारी उभं करून स्विच दाबले, दिवे लागले, मोटर फिरली. बाटल्या भरण्याच्या लाइनला एवढं पुरतं. चुकलं तर चार बाटल्या फुटतील आणि सुपरवायझर दिवसभर कुरकुर करेल. तोच पीएलसी धरणाच्या दरवाजावर, पंपहाऊसवर किंवा रेल्वे सिग्नलवर बसला, की जे करून पाहिलं ते चाललं एवढ्यावर भागत नाही. जे करून पाहिलंच नाही त्याचं काय, हेही सांगता यावं लागतं.

फॉर्मल मेथड्स त्यासाठी आहेत. यंत्रणा कशी वागते ते गणिताच्या भाषेत मांडायचं, काय कधीच घडता कामा नये तेही त्याच भाषेत लिहायचं, आणि मग सगळ्या शक्यता संगणकाकडून तपासून घ्यायच्या. हे प्रयोगशाळेत अडकून पडलेलं शास्त्र नाही. पॅरिस मेट्रोची 14 क्रमांकाची लाइन 1998 मध्ये चालकाविना सुरू झाली. तिच्या सॉफ्टवेअरचा सुरक्षेशी संबंधित भाग जाँ-रेमों आब्रियाल यांच्या बी पद्धतीने लिहिला आणि सिद्ध केला होता. रॉटरडॅमजवळ समुद्राचं उधाण अडवणारा मेसलांट बांध 1997 मध्ये उभा राहिला. त्याची दारं कधी मिटायची हे संगणक ठरवतो. त्या सॉफ्टवेअरचा आराखडा झेड या गणिती भाषेत लिहिला होता आणि त्यातले संदेशांचे व्यवहार स्पिन नावाच्या टूलने तपासले होते.

या क्षेत्रात दोन मुख्य वाटा आहेत. एक, प्रमेयासारखी सिद्धता लिहिण्याची. दुसरी मॉडेल चेकिंगची, म्हणजे यंत्रणेच्या सगळ्या अवस्था संगणकाकडून तपासून घेण्याची, जिच्यासाठी क्लार्क, इमर्सन आणि सिफाकिस यांना संगणकशास्त्रातला 2007 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. नव्या माणसाने दुसरीने सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. सिद्धतेच्या वाटेवर पहिले काही महिने टूलशी भांडण्यातच जातात. मॉडेल चेकर मात्र पहिल्याच आठवड्यात तुमची चूक पुराव्यासह समोर ठेवतो, आणि शिकायला तेच हवं असतं.

उदाहरण धरणाच्या दरवाजाचं घेऊ. नाशिककराला त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. 2008, 2016 आणि 2019 चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना गंगापूर धरणाचा विसर्ग आणि होळकर पुलाखालचे क्युसेक तोंडपाठ असतात. शिवाय राज्यातल्या धरणांच्या दरवाजांची संकल्पचित्रं करणारी मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना, मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) आणि धरण सुरक्षितता संघटना, तिन्ही आपल्याच गावात आहेत. या कामाला शिकलेली माणसं लागली तर ती इथूनच का निघू नयेत? मात्र पुढचं उदाहरण काल्पनिक आहे. गंगापूरचे दरवाजे प्रत्यक्षात कसे चालतात त्याच्याशी त्याचा संबंध जोडू नका.

पहिली पायरी: लहान भाग निवडा

अख्खं धरण मॉडेलमध्ये बसवायला जाऊ नका. आपलं धरण असं: दोन वक्राकार दरवाजे, प्रत्येकाला एक मोटर, खाली नदीकाठी ऐकू जाणारा एक भोंगा, पाण्याची पातळी मोजणारा एक सेन्सर, आणि 'स्थानिक / दूरस्थ' असा एक सिलेक्टर. वीज गेली तर डिझेल जनरेटर. बस्स.

किती पाणी सोडायचं हा प्रश्न यात घेऊ नका. तो जलविज्ञानाचा आणि धरणाच्या मंजूर परिचालन आराखड्याचा विषय आहे. आपण फक्त एवढंच तपासणार: हुकूम आला की दरवाजा सुरक्षितपणे हलतो का, आणि हुकूम नसताना तो गप्प बसतो का.

दुसरी पायरी: नियम मराठीत लिहा, आणि ऑपरेटरसमोर बसून लिहा

टूल उघडण्याआधी वही उघडा. रात्रपाळीला दरवाजा चालवणाऱ्या माणसाला विचारा, 'काका, इथे काय झालं तर तुमची झोप उडेल?' तो जे सांगेल ते तुमचे नियम. पहिल्या फेरीत साधारण असं काही हाती लागतं:

भोंगा पूर्ण वाजल्याशिवाय बंद दरवाजा हलू नये. दोन्ही दरवाजे एकदम हलू नयेत, कारण जनरेटरवर दोन मोटरींचा भार पेलत नाही. वरचा लिमिट स्विच (दरवाजा टोकाला पोचल्याचं सांगणारा) लागला की वर नेणारी मोटर थांबलीच पाहिजे, खालच्याचंही तसंच. आणि पाणी धोक्याच्या पातळीला गेलं आणि हुकूम दिला, तर दरवाजा उघडलाच पाहिजे.

यातले पहिले तीन 'हे कधीच होऊ नये' जातीचे आहेत, चौथा 'हे झालंच पाहिजे' जातीचा. दोन्ही जातींचे नियम हवेतच. पहिल्याच जातीचे लिहिले तर कधीही न उघडणारा दरवाजा सगळ्या परीक्षा पास होतो.

आता याच यादीकडे जरा रोखून बघा. भोंगा नादुरुस्त असेल तर? पहिला नियम म्हणतो, दरवाजा हलवू नका. चौथा म्हणतो, उघडलाच पाहिजे. एकही ओळ प्रोग्राम लिहिलेला नसताना दोन नियमांची टक्कर झाली. प्रत्यक्षात अशी टक्कर कुणी सोडवत नाही. ती प्रोग्रामरच्या बोटाखाली नकळत सुटते आणि मग आठ वर्षांनी भर पावसात कळते.

रेल्वेवाल्यांचं एका बाबतीत बरं असतं. काही गडबड झाली की सिग्नल लाल करायचा, गाड्या थांबतात, माणसं शिव्या देतात पण जिवंत राहतात. धरणाला असा लाल दिवाच नाही. दरवाजा बंद ठेवला तर पाणी माथ्यावर चढण्याचा धोका, आणि धरण मातीचं असेल, जसं गंगापूर आहे, तर माथ्यावरून पाणी वाहणं म्हणजे भराव धुपून धरणच जाण्याचा धोका. दरवाजा उघडला तर खालच्या काठावरची माणसं. त्यामुळे 'शंका आली की बंद' किंवा 'शंका आली की उघड' असला सोपा तोडगा इथे चालत नाही. भोंगा बंद असताना काय करायचं हे जलसंपदा खात्याने ठरवायचं: दुसरा भोंगा, पोलिसांमार्फत इशारा, शाखा अभियंत्याच्या ताब्यातली किल्ली फिरवल्यावरच मिळणारी सूट, जे ठरेल ते. तुमचं काम एवढंच की हा प्रश्न लेखी विचारायचा आणि उत्तर सहीनिशी घ्यायचं. तोंडी उत्तरावर प्रोग्राम लिहू नका.

तिसरी पायरी: गृहीतकांची यादी, प्रत्येकापुढे जबाबदाराचं नाव

ही पायरी लोक गाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवावा.

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात टॉम सॉक नावाचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे, आपल्या घाटघरसारखाच: खालचं पाणी पंपाने डोंगरावरच्या जलाशयात चढवायचं आणि गरज लागली की खाली सोडून वीज करायची. 14 डिसेंबर 2005 च्या पहाटे तिथला वरचा जलाशय भरून वाहिला, बांध फुटला आणि काही मिनिटांत तळं रिकामं झालं. पातळी मोजणारे सेन्सर ज्या नळ्यांत होते त्या नळ्यांची पकड सैल झाली होती. नळ्या जागेवरून हलल्या आणि सेन्सर प्रत्यक्षापेक्षा कमी पातळी दाखवू लागले. शेवटचा आधार म्हणून आणखी सेन्सर होते, पण भिंतीचा माथा जिथे सगळ्यात खाली होता त्यापेक्षाही ते उंच बसवलेले होते. म्हणजे ते भिजण्याआधीच पाणी भिंतीवरून जाणार हे ठरलेलंच होतं.

सॉफ्टवेअरला जे आकडे मिळाले त्यांच्यावर ते चाललं. 'सेन्सरचा आकडा म्हणजेच पाण्याची पातळी' असं धरून तुम्ही त्या प्रणालीचं मॉडेल केलं असतं तर मॉडेल चेकरने हिरवा कंदील दाखवला असता. म्हणून पहिला धडा हा की मॉडेलमध्ये *खरी पातळी* आणि *वाचलेली पातळी* ही दोन वेगळी चलं ठेवा. सेन्सर ठीक असेल तोवर दोन्ही सारखी. तो अडकला की वाचलेली जागीच राहते आणि खरी वाढत जाते. आणि सुरक्षेचा नियम नेहमी खऱ्या पातळीवर लिहा.

असं प्रत्येक गोष्टीचं करा. लिमिट स्विच गंजून चिकटू शकतो का? कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा स्विच) वेल्ड होऊन जोडलेलाच राहू शकतो का? जनरेटर सुरू व्हायला उशीर लागू शकतो का? प्रत्येकाला दोनच उत्तरं आहेत. 'हो, हे मॉडेलमध्ये घेतलंय' किंवा 'नाही, हे होत नाही असं गृहीत धरलंय, आणि ते पाहण्याची जबाबदारी अमुक पदावरच्या माणसाची'. दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांचा कागद वेगळा करा. पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीला तो उपयोगी पडतो.

चौथी पायरी: मॉडेल

मॉडेल म्हणजे चलं आणि कृती. चलाला मोजक्याच किमती द्या. पाण्याची पातळी सेंटिमीटरमध्ये मांडायचा मोह होतो, तो आवरा. गोदाघाटावर पूर किती आला हे सांगताना आपण मीटर काढत नाही. दुतोंड्या मारुतीच्या पायाला लागलं, गुडघ्यापर्यंत आलं, कमरेला पोचलं, गळ्याशी आलं, एवढ्यावर अख्ख्या गावाचे निर्णय होतात. तसंच आपल्या मॉडेलला चार पायऱ्या पुरतात: नेहमीची, इशाऱ्याची, धोक्याची, माथ्यावरची.

हिशेब करून बघा. प्रत्येक दरवाजाच्या पाच अवस्था (बंद, उघडतोय, अर्धवट थांबलेला, पूर्ण उघडा, मिटतोय), दोन दरवाज्यांच्या मिळून 25. भोंग्याच्या चार (शांत, वाजतोय, पूर्ण, नादुरुस्त), झाल्या 100. खरी पातळी चार, वाचलेली चार, म्हणजे 1,600. वीज आहे-नाही, 3,200. स्थानिक-दूरस्थ, 6,400. आणखी एक चल पुढे येणार आहे, दोन किमतींचं, 12,800. साध्या लॅपटॉपवर हे तपासायला चहाचा कप उचलण्याइतकाही वेळ लागत नाही. आता यात पीएलसीचा एकच 16 बिटांचा टायमर जसाच्या तसा घाला. 65,536 ने गुणलं की आकडा 83 कोटींच्या वर जातो. म्हणून टायमरच्याही पायऱ्याच करा: 'चालू आहे' आणि 'संपला'.

कृती अशा लिहायच्या (टूलमध्ये रोमन लिपी लागते, इथे मराठीत मांडतो):

*उघडायला सुरुवात*
जेव्हा: हुकूम = उघड, भोंगा = पूर्ण, दुसरा दरवाजा स्थिर, वीज आहे
तेव्हा: दरवाजा = उघडतोय

*वीज जाणे*
जेव्हा: कधीही
तेव्हा: वीज = नाही, हलणारा दरवाजा = अर्धवट थांबलेला

दुसऱ्या कृतीतलं 'कधीही' बघा. मॉडेल चेकिंगची सगळी ताकद त्या शब्दात आहे. टेबलावर टेस्ट करताना वीज कुठल्या क्षणी घालवायची हे तुम्ही ठरवता, आणि माणूस सोयीचाच क्षण निवडतो. मॉडेल चेकर प्रत्येक अवस्थेत वीज घालवून बघतो.

टूल कुठलं? संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांचं टीएलए प्लस किंवा इटलीतल्या ट्रेंटोच्या संस्थेचं नूएक्सएमव्ही, यांपैकी एक. पहिल्याची भाषा वाचायला सुटसुटीत आहे आणि खुद्द लॅम्पोर्ट यांची मोफत व्हिडिओ व्याख्यानं आहेत. दुसरं पीएलसीसारख्या मर्यादित अवस्थांच्या तर्काला जास्त जवळचं. मी टीएलए प्लसने सुरुवात करा म्हणेन. विकत काही घ्यावं लागत नाही.

पाचवी पायरी: चालवा, आणि तो काय दाखवतो ते वाचा

आता पहिला नियम तपासायला द्या: 'भोंगा पूर्ण झालेला नसताना बंद दरवाजा हलू नये.' उत्तर येतं, चूक आढळली नाही. छान वाटतं. आता हा क्रम बघा.

1. दरवाजा बंद, भोंगा शांत.
2. ऑपरेटरने 'उघड' दिलं, भोंगा सुरू झाला.
3. भोंगा पूर्ण वाजला, 'पूर्ण' ही खूण लागली.
4. वरून फोन आला, ऑपरेटरने हुकूम रद्द केला.
5. पुन्हा 'उघड' दिलं. भोंग्याची खूण अजून 'पूर्ण'च आहे. दरवाजा हलला.

चौथ्या आणि पाचव्या ओळीच्या मध्ये तीन तास गेलेले असू शकतात. तेवढ्यात धुणंवाल्या बायका परत काठावर आलेल्या असतात, भेळेच्या गाड्या लागलेल्या असतात, घाटावर पार्क केलेल्या मोटारी तिथेच असतात. आणि तरीही आपला नियम अक्षरशः पाळला गेला. भोंगा 'पूर्ण' होताच ना!

दोष प्रोग्राममध्ये आहेच, पण त्याआधी तो नियमात आहे. आपण नियम सिग्नलबद्दल लिहिला, तर चिंता होती माणसांची. म्हणून ते राहिलेलं दोन किमतींचं चल आता आणा: *काठ*, रिकामा किंवा माणसं असलेला. भोंगा पूर्ण वाजला की काठ रिकामा होतो. नंतर माणसं परत येऊ शकतात. नियम नव्याने लिहा: काठावर माणसं असताना बंद दरवाजा हलू नये. पीएलसीला काठ दिसत नाही, तो दिसावा अशी अपेक्षाही नाही. हे चल फक्त तपासणीसाठी आहे.

आता चालवल्यावर वरचा पाच ओळींचा क्रम मॉडेल चेकर स्वतःहून समोर ठेवतो. याला प्रतिउदाहरण म्हणतात. लगेच दुसरंही येतं: भोंगा पूर्ण झाला, दरवाजा हलण्याआधीच कुणीतरी परत काठावर आलं. याला प्रोग्राममध्ये उत्तर नाही. इथे गृहीतक लागतं: भोंगा संपल्यापासून समजा दहा मिनिटं कुणी परत येत नाही. ते लिहिलं की डिझाइन आपोआप पुढे सरकतं. 'पूर्ण' ही खूण दहा मिनिटांनी मिटली पाहिजे, हुकूम रद्द झाला की लगेच मिटली पाहिजे, आणि दरवाजा प्रत्यक्ष हलला की वापरली गेली म्हणून मिटली पाहिजे.

ही दहा मिनिटं कोणाच्या भरवशावर? पोलीस आणि महसूलच्या. आणि ती बाराही महिने खरी असतील असं नाही. सिंहस्थाची प्रमुख स्नानं 2015 मध्ये ऑगस्ट-सप्टेंबरात झाली, 2027 मध्येही पावसाळ्यातच येणार. रामकुंडावर त्या दिवशी जी गर्दी असते ती भोंगा ऐकून दहा मिनिटांत हलणारी नव्हे. गृहीतकापुढे 'केव्हा लागू नाही' असा रकाना ठेवायचा तो यासाठी.

दुरुस्ती करून पुन्हा चालवा. बहुतेकदा पुढची तक्रार विजेची येते. दरवाजा उघडत असताना वीज गेली, जनरेटर सुरू झाला, पीएलसीच्या टिकाऊ स्मृतीत 'उघड' हा हुकूम शिल्लक होता, दरवाजा आपोआप पुढे निघाला. भोंगा नाही, ऑपरेटर कदाचित जनरेटरच्या खोलीत. आपला नियम फक्त बंद दरवाजाबद्दल होता, त्यामुळे 'हुकूम नसताना हलू नये' हा नियमही घातला असेल तरच हे पकडलं जातं. तेवढ्यात प्रश्न उभा राहतो: अर्धवट उघडा दरवाजा आणखी उघडायला पुन्हा भोंगा लागतो का? विसर्ग वाढतोय, म्हणजे खालचं पाणीही वाढणार. हा प्रश्न पुन्हा खात्याकडे. टिकाऊ स्मृतीत मात्र हालचालीचा हुकूम कधीच ठेवू नये, हे मी विचारल्याशिवाय सांगतो. वीज परत आल्यावर हुकूम माणसाने नव्याने द्यावा.

सिलेक्टरचंही असंच. भोंग्याची अट फक्त 'दूरस्थ' बाजूच्या लॅडरमध्ये (शिडीसारख्या आकृतीत मांडलेल्या पीएलसी प्रोग्राममध्ये) टाकलेली असते, कारण 'स्थानिक' म्हणजे माणूस समोर उभा आहे असं समजलं जातं. माणूस दरवाजासमोर उभा असतो, नदीकाठी नाही.

सगळं हिरवं आलं की संशय घ्या

मॉडेलमध्ये एखादी अट इतकी कडक झालेली असते की दरवाजा कधी हलतच नाही, आणि मग 'हलू नये'चे सगळे नियम आपोआप खरे ठरतात. याची परीक्षा सोपी आहे. मुद्दाम खोटा नियम द्या: 'दरवाजा कधीच पूर्ण उघडा नसतो.' मॉडेल चेकरने हा मोडून दाखवला पाहिजे. नाही मोडला तर तुमचं मॉडेल मेलेलं आहे. दुसरी परीक्षा, मॉडेलमध्ये जाणूनबुजून चूक घाला, खूण मिटवणारी अट काढून टाका. चूक पकडली गेली नाही तर नियमात भोक आहे.

'झालंच पाहिजे' जातीच्या नियमांना आणखी एक गोष्ट लागते: वीज कायमची गेलेली राहणार नाही, ऑपरेटर कायमचा गप्प बसणार नाही, अशी अट. नाहीतर मॉडेल चेकर 'वीज कधीच आली नाही' हे उदाहरण दाखवून मोकळा होतो. या अटी गृहीतकांच्या कागदावर न विसरता उतरवा.

मॉडेलमधून पीएलसीत

पीएलसी फेरीफेरीने चालतो. इनपुट वाचतो, लॅडर वरपासून खालपर्यंत सोडवतो, आउटपुट लिहितो, पुन्हा पहिल्यापासून. मॉडेलमधली एक उडी म्हणजे एक फेरी, असं बांधून घ्या. मग लॅडरच्या ओळींचा क्रमही अर्थाला लागतो हे लक्षात येतं. एकाच आउटपुटची कॉइल (त्याला चालू-बंद करणारी खूण) दोन ठिकाणी लिहिली तर खालची जिंकते, ही चूक अनुभवी लोकांकडूनही होते.

शक्य असेल तिथे सुरक्षेचा भाग स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये लिहा. आयईसी 61131-3 या मानकातलीच ती भाषा आहे, आणि ती आपोआप तपासणं लॅडरपेक्षा सोपं जातं. सर्न या युरोपीय प्रयोगशाळेने पीएलसीव्हेरिफ नावाचं खुलं टूल केलंय. ते सीमेन्सच्या पीएलसीचा प्रोग्राम वाचून आतून नूएक्सएमव्हीसारख्या तपासनिसांकडे पाठवतं. म्हणजे कागदावरचं मॉडेल वेगळं आणि प्रत्यक्ष प्रोग्राम वेगळा, ही दरी बरीच कमी होते. आयईसी 61508 हे सुरक्षेचं मानक सर्वोच्च, म्हणजे चौथ्या पातळीच्या सॉफ्टवेअरला फॉर्मल मेथड्सची जोरदार शिफारस करतं. टेंडरच्या बैठकीत 'हे सगळं कशाला' असं कोणी विचारलं तर हे वाक्य कामी येतं.

लिमिट स्विच, ओव्हरलोड रिले आणि आणीबाणीचं बटण मात्र सरळ तारेने कॉन्टॅक्टरच्या वाटेत घ्या. सॉफ्टवेअर सिद्ध केलं म्हणून ती तार काढू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

कारखान्यातली आणि साइटवरची चाचणीही सुटत नाही. फरक एवढाच की आता काय तपासायचं ते अंदाजाने ठरवावं लागत नाही. आतापर्यंतचं प्रत्येक प्रतिउदाहरण म्हणजे तयार चाचणी आहे: हुकूम द्या, भोंगा होऊ द्या, रद्द करा, पुन्हा द्या, दरवाजा गप्प राहतो का बघा.

साइटवरचे बदल

एवढं सगळं करून पाणी फिरतं ते कमिशनिंगच्या, म्हणजे यंत्रणा पहिल्यांदा चालू करण्याच्या, रात्री. दरवाजा हलत नाहीये, साहेब उभे आहेत, कोणीतरी लॅपटॉप लावून एक अट बायपास करतं, 'उद्या काढू' म्हणतं. मॉडेल जुनं राहतं, प्रोग्राम नवा होतो, सिद्धता कागदावर उरते. बंदी घालून हे थांबत नाही. त्यापेक्षा मॉडेल इतकं छोटं ठेवा की बदल त्यात घालून पुन्हा तपासायला साइटवरच अर्धा तास पुरेल. आणि तोच लॅपटॉप, तेच फोल्डर वापरा, म्हणजे 'मॉडेल ऑफिसात आहे' ही सबब उरत नाही.

दोरखंड तुटला, दरवाजापुढे गाळ साचला, कोणी नेटवर्कमध्ये शिरलं, यातलं काहीही हे मॉडेल सांगणार नाही. त्यांचे बंदोबस्त वेगळे आहेत.

पहिल्या महिन्यात काय करावं

पहिल्या आठवड्यात टीएलए प्लस बसवा. व्हीएस कोडचं एक्स्टेन्शन आणि जावा लागतं. एकच दरवाजा आणि एकच भोंगा एवढं मॉडेल करा. दुसऱ्या आठवड्यात काठ हे चल घाला आणि पाच ओळींचं ते प्रतिउदाहरण स्वतः मिळवा. माझं वाचून पटणं आणि तुमच्या स्क्रीनवर ते उमटणं यात फरक पडतो. तिसऱ्यात वीज आणि सिलेक्टर. दुसरा दरवाजा सगळ्यात शेवटी.

मग तुमच्या रोजच्या कामातलं एखादं इंटरलॉक (एक अट पुरी झाल्याशिवाय दुसरी गोष्ट होऊ न देणारी व्यवस्था) घ्या. पंपहाऊसमधले दोन पंप आणि एक व्हॉल्व्ह, कारखान्यातली प्रेस आणि तिचा संरक्षक दरवाजा, असलं काहीही. घरच्या बोअरच्या स्टार्टरला मात्र हे लावू नका, तिथे फ्लोट स्विच पुरतो.

काम सुपूर्द करताना फाइलमध्ये चार कागद असू द्या: मराठीतले नियम, जबाबदाराच्या पदासह गृहीतकं, मॉडेलची तारीख घातलेली प्रत, आणि कोणता नियम प्रोग्रामच्या कुठल्या ओळीत पाळला आहे त्याचा तक्ता. पहिल्या दोन कागदांची एक प्रत कंट्रोल रूममध्ये, दरवाजा चालवणाऱ्याच्या टेबलाच्या काचेखाली ठेवा.